लाभांशाचा डबा

तुम्ही मला रुक्ष सीए म्हणता ना, मग हे ऐका. खामगावात शंकरकाकांची तेलाची मिल आहे. ती कंपनी आहे आणि तिचे भागधारक दोनच: काका आणि बुलढाण्याला दिलेली त्यांची बहीण, कुसुमआत्या. दर दिवाळीला काका आत्याला करडीच्या तेलाचा डबा पाठवायचे आणि लाभांश दिला म्हणायचे.

मी म्हटलं, "काका, असं चालत नाही. कायद्यानं लाभांश पैशातच द्यावा लागतो, वस्तूत नाही."

"काऊन बे? कंपनी आमची, तेल आमचं, बहीण आमची."

"तरी नाही."

काका खिडकीबाहेर बघत राहिले. मिलचा कोमट वास खोलीत तरंगत होता. मग झोपेत बोलावं तसं म्हणाले, "डबा फोडला का तिच्या घरात हा वास जाते. पैशाले कुठचा वास?"

मी ऐकलं नाही. सभेत ठराव झाला आणि लाभांश आत्याच्या खात्यात जमा झाला.

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोरच तिचा फोन आला. "पैसे आले रे दादा. पण डबा नाही आला. मिल विकली काय? मले सांगितलं बी नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "भावानं बहिणीले तेल द्यायले तुह्या कायद्याची मनाई आहे काय बे?"

"नाही."

"मंग काढ गाडी."

घाट चढेपर्यंत काका डबा मांडीवर धरून, डोळे मिटून बसले होते. आत्यानं दारातच डबा फोडला, वाकून खोल श्वास घेतला.

"हाव," ती होकारार्थी मान डोलावत म्हणाली, "चालू आहे मिल."