भाट्यापासून सात कोस

आई: मोज की बोटं. कार्तिकापास्नं ती दूर बसलेली नाय. चार महिने होऊन गेले. आणि तू मागल्या शिमग्याला ह्या घरातून निघालास, काशीरामा, तो आज येतोस. मग हे चार महिन्यांचं कुणाचं?

काशीराम: आये, जरा बसू तर दे. बंदरापासून उन्हातनं चालत आलोय.

आई: बस. बसूनच ऐक. लग्नाला सात वर्षं झाली, नवऱ्यापास्नं तिची कूस उजवली नाय. नवरा दर्यावर असताना उजवली! पाणवठ्यावर बाया मला हसून पेढे मागतात.

काशीराम: तू इचारलंस तिला?

आई: पौषापास्नं इचारतेय. मारलं पण. एकच बोलते, त्यांना येऊ दे. आता आलास.

काशीराम: मारलंस?

आई: मग काय ओवाळू? तुझा बाप एकादशीला गेला. आठ दिवस तुझ्या नावानं हाका मारत व्हता. तुला तार केली, तर तुझा कागद आला, मी कराचीला, रजा नाय. अग्नी तुझ्या चुलत्यानं दिलान. आणि ही त्याच दिवसांत भाऊबीज म्हणून भाट्याला माहेरी गेली, ती हे घेऊन आली.

काशीराम: माहेरी काय म्हणतात?

आई: ते काय म्हणणार? परवा पालखी निघते. तुझ्या बापाचा पहिला खांदा आता तुझ्याकडं. वर्ष सरायचं हाय, पण मानाची जागा रिकामी ठेवता येत नाय. गावकरांनी कालच सांगून पाठवलंय, आधी घरातलं निस्तरा, मग काशीरामानं दांडीला हात लावायचा. मी विहिरीवर जाते. दोन घागरी भरून येईस्तोवर तिला बोलती कर. मालन! बाहेर ये गो. आला तुझा घोव.

मालन: पाणी घ्या.

काशीराम: ठेव तिथं. गेली काय ती?

मालन: गेल्या. आता सांगा तुम्ही त्यांना.

काशीराम: काय सांगू?

मालन: झालं ते. एका फेरीपुरते गोव्याच्या बोटीवर बदली आलात. यंत्र बिघडलं, बोट रत्नांग्रीला दीड दिवस उभी राहिली. तुम्ही तरीच्या होडीतून भाट्याला उतरलात. मी खाडीत कालवं काढत व्हते, मला माडांतल्या खोपीत बोलावलंत. एवढंच तर सांगायचंय.

काशीराम: एवढंच? मग ती म्हणेल, भाट्यापर्यंत आलास, पुढं सात कोसांवर बाप व्हता, तिथं का नाय आलास?

मालन: मी तेव्हाच म्हटलं व्हतं. मामंजी उठत नायत, तुमचं नाव घेतात. आता निघालात तर दिवेलागणीला पूर्णगडला पोचाल. तोंड दाखवा नि पहाटे परत फिरा.

काशीराम: बोटीवरल्या सारंगानं बजावलं व्हतं, यंत्र कधी पण चालू होईल. जागेवर नसेल त्याचं नाव कापणार. सात कोस जायचं, सात कोस यायचं. हातची नोकरी गेली असती गो.

मालन: दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेपर्यंत बोट उभी व्हती. मी पुळणीवरनं बघत व्हते.

काशीराम: ते मला आधी कसं कळणार?

मालन: नाय कळणार. मी बोल लावत नाय. तुम्ही गळ्याची शपथ घातलीत, कुणाला सांगू नको. इकडं परत आले नि मामंजींच्या उशाशी बसले. रोज इचारायचे, काशीची बोट लागली काय? मी म्हणायची, नाय लागली. जाईपर्यंत हेच म्हटलं. आता मला त्या शपथेतून मोकळी करा.

काशीराम: मालन, तो कराचीचा कागद वाडीत सगळ्यांना वाचून दाखवलाय.

मालन: मग?

काशीराम: मग काय? बाप मरत व्हता नि हा सात कोसांवर बायकोजवळ निजला, असं म्हणतील. मान तर जाईलच. पण माझ्या हातचं पाणी कोण घेणार नाय ह्या गावात.

मालन: आणि माझ्या हातचं?

काशीराम: रडू नको उगाच.

मालन: मी कुठं रडतेय?

काशीराम: हे बघ. थोडे दिवस भाट्याला जा. लोक विसरतात. पावसाळा सरला की मुंबैला नेतो तुला.

मालन: मुंबैला कुठं? तुम्ही निजता बोटीवर.

काशीराम: खोली बघेन. गोदीपाशी मिळतात.

मालन: आत्याबायनी पौषातच भावाला निरोप धाडला. त्यानं उलट कळवलंन, नवऱ्यानं टाकली तर इकडं येऊ नको म्हणून.

काशीराम: भाऊच तो. रागानं बोलला असेल.

मालन: तुम्ही माझ्याकडं बघून बोला.

काशीराम: गप. आये आली.

आई: झालं बोलून? काय म्हणते?

मालन: आत्याबाय, मीच सांगते. शपथ मोडल्याचं पाप माझ्या माथी. कार्तिकातल्या चवथीला हे भाट्याला आले व्हते. पोर ह्यांचंच हाय.

आई: ऐकलंस, काशीरामा? तू आला व्हतास म्हणते. बाप जिता असताना.

मालन: बोला ना.

आई: तिच्याकडं नको बघू, इकडं बघ. हा पालखीपुढं ठेवायचा नारळ. ह्याच्यावर हात ठेव नि सांग. आला व्हतास?

काशीराम: नाय.

आई: मोठ्यानं. पलीकडं आनंदीबाई कुडाला कान लावून बसलीय. तिला पण ऐकू दे.

काशीराम: नाय आलो! मी कराचीला व्हतो. ही खोटं बोलते.

मालन: बरं.

आई: बरं काय?

मालन: काय नाय. दुसरं लुगडं घेऊ, का अंगावरच्यानंच जाऊ?

आई: घे. आणि मागच्या दारानं जा.

मालन: आले ती पुढच्या दारानं आले, आत्याबाय. तुम्हीच माप ठेवलं व्हतंत उंबऱ्यावर. येते.

काशीराम: आये, ऊन बघ केवढं हाय. सात कोस...

आई: सात कोस कुणाला जड नि कुणाला हलके. आता पुळका नको. बोट चवथीला आली, पंचमीला तिन्हीसांजेला गेली. तेव्हा पाय दुखत व्हते तुझे?

काशीराम: पंचमीला? मालन तर काय बोलली नाय तुझ्यापुढं... तुला कुणी सांगितलं?

आई: भाट्याच्या तरीवरला नावाडी दादू. तुझ्या बापाच्या तेराव्याला जेवायला आला व्हता. म्हणाला, चवथीला होडीत एक गडी तोंडाला फडकं गुंडाळून बसलेला, पण उतरून चालायला लागला नि मला वाटलं काशीरामाचा बापच चाललाय. बंदरावर चौकशी पण केलीन.

काशीराम: म्हणजे तुला पहिल्यापास्नं ठाऊक व्हतं.

आई: तेराव्यापास्नं. दादूला म्हटलं, हे तुझ्याजवळ राहू दे. भला माणूस, राहिलंय त्याच्याजवळ.

काशीराम: मग तिला मारलंस कशाला?

आई: बघत व्हते, तुझ्यासाठी किती सोसते. तीन महिने तोंडातून अक्षर काढलं नाय बाईनं.

काशीराम: आणि आज नारळावर माझा हात... सगळं ठाऊक असून?

आई: तुझं तोंड मी बांधलं नव्हतं. हो म्हणाला असतास तर तुझ्या थोबाडात मारून तिचं पोर पदरात घेणार व्हते. नाय म्हणालास. बरं झालं म्हणायचं. सून वाईट निघाली तर लोक चार दिवस बोलतात. लेक असा निघाला तर तुझ्या बापाचं घरच बुडतं.

काशीराम: अजून पाखाडीच्या पायऱ्या उतरली नसेल ती. हाक मारू?

आई: मार.

(काशीराम उठून पुढच्या दारापर्यंत जातो, उंबऱ्याशी थांबतो आणि परत येऊन बसतो.)

आई: भात निवतोय. पान मांडू?

काशीराम: मांड.