मुंजाजीच्या झऱ्याचं पाणी

…आन् वरून मोहनराव मलाच म्हंत्यात, "उत्तरेश्वर, तुमच्या गावाचं पाणी तर एक नंबर निघालं की!" एक नंबर! तुमाला सांगतो, असं वाटलं, त्या रिपोर्टासकट धरावं आन् आमच्या हिरीतच बुचकाळून काढावं. काळं पाणी हाय हो ते! सडक्या गुळाचा वास मारतंय, म्हशी तोंड लावंनात, आन् ह्यांच्या कागदावर एक नंबर!

कावून काळं म्हंता? धारूरचा घाट उतरताना मोहनरावांचा स्पिरिटचा कारखाना दिसला असंल की. सरकारचं दारूचं नवं धोरण आलं, लायसनं सुटली, आन् मोहनरावांनी माळावर ते धूड उभं केलं. फीत कापताना म्हनले, "आता गावात गंगा येणार!" आली की! मळीच्या नाल्यातून झिरपत सरळ आमच्या हिरीत आली. तवापासून आमच्या मंडळीचे, विमलबाईचे हात बघवत न्हाईत हो. बाईमाणसाचा दिवसभर पाण्यात हात. कातडं सोलून निघालंय, भाकर थापताना डोळ्यातून नुस्तं पाणी गळतंय. मला लई वाईट वाटतंय, पर करणार काय?

मग पाणी तपासायला पुण्याच्या संस्थेची जीप आली. रुद्राणी मॅडम, संगं त्यांचे रवि सर, आन् खोकाभर रिकाम्या बाटल्या. देवळापुढं सतरंजी टाकली. मॅडम बोलायला लई गोड, खोटं कशाला सांगू! "दादा, हे संशोधन आमचं नाही, तुमचं आहे. लोकसहभाग! नमुने तुम्हीच भरायचे, आम्ही बाटलीला हातसुद्धा लावणार नाही." मी पुढंच बसलेलो. इचारलं, "ह्यानं त्यो नाला बंद हुईल का?" तर म्हनल्या, "पाण्यात दोष निघाला की करावाच लागेल." ह्याच्यापरीस काय पायजे माणसाला? घरटी एक बाटली वाटली, "घरचं पाणी भरून ठेवा, सकाळी न्यायला येतो," आन् गेले बीडच्या लॉजवर!

आता हितं खरी मेख हाय. हिरीला असला रंग आल्यापासून आमच्यात घरोघर एक कळशी येगळी असती, झाकून ठिवलेली… पाव्हण्याची. तिच्यात मुंजाजीच्या झऱ्याचं पाणी. झरा पार डोंगरात, खडकातून थेंब थेंब गळणारा. सगळ्या गावाला पुरतंय व्हय ते? म्हनून घरच्यांनी हिरीचं प्यायचं, गाळून, नाक दाबून, आन् झऱ्याचं फकस्त पाव्हण्याला. अशा बायांच्या हातात तुमी बाटली दिलीत आन् सांगितलंत, पुण्याचे पाव्हणे न्यायला येणार हायेत… त्या काय करतील? तुमीच सांगा!

मी नेमका त्या सकाळी शिरूरला मयतीला गेलतो. संध्याकाळी आलो तर जीप गेलेली, आन् विमलबाई लई खुशीत. "अवं, मॅडमनी आपल्या बाटलीचं नाव काढलं!" म्हनलं, "कोणचं पाणी भरलंस?" सोललेल्या हाताला चिंधी गुंडाळत म्हंती कशी, "झऱ्याचं. आदी बाटली राखेनं घासली, मग पहाटंच डोंगर चढले. एवढ्या लांबून आल्यात बिचारे, पाव्हण्याला आपलं पाणी पाजायचं व्हय?"

"अगं, पाजायचं न्हवतं, तपासायचं होतं!"

"मग तपासू द्या की! नावं तर न्हाईत ठिवणार!"

पळत शेजारी मुक्ताबाईकडं गेलो. तिनं बी तेच! वर तुळशीचं पान टाकलेलं! अख्ख्या गावानं एकच झरा भरून दिलता हो! यष्टीडी बूथवरून पुण्याला फोन लावला, "मॅडम, बाटल्या चुकल्या!" तर तिकडून, "दादा, नमुने आता बदलता येत नाहीत. आणि भरले तर तुम्हीच होते ना?" आमीच! लोकसहभाग!

मग काय, मोहनरावांनी रिपोर्ट भर ग्रामसभेत वाचला, त्यात नोंदलेल्या तुळशीच्या पानासकट. "शास्त्रानं सांगितलंय! आता कुणी काळं पाणी म्हनलं, तर ती गावाची बदनामी!" आन् नाला आणखी रुंद केला.

पर मी बी सोडला न्हाई. अर्जावर अर्ज केले, तवा कुठं जिल्ह्याचे सायेब फेरतपासणीला निघाले. म्हनलं, आता बाटली न्हाई आन् बिटली न्हाई, आल्या आल्या हिरीचा तांब्याच हातात द्यायचा! एक घोट घशाखाली उतरला की कळतंय शास्त्र! तांब्या भरून तयार ठिवला. आन् सायबांची जीप पडली घाटात बंद. वैशाखाच्या उन्हात चालत आले, ओठ पांढरेफटक. वसरीवर टेकले आन् म्हनले, "बाबा, आधी पाणी द्या."

उचलला तांब्या… विमलबाई दारातून बघायली. तुमाला सांगतो, हात पुढं जाईचना! एवढा शिकवून ठिवलेला हात, पर जाईचना! तान्हेला माणूस दारात बसलाय हो! वतला तांब्या अंगणात, आन् गेलो झाकलेल्या कळशीकडं.

सायेब घटाघटा प्याले, मिशा पुसल्या. "पाणी तर लई गोड आहे की तुमचं! कशाला उगीच तक्रारी करता?" आन् लिवलं बी तसंच. बाटली भरायची बी गरज वाटली न्हाई त्यांला.

विमलबाई तेवढी गालात हसली. मी कळशी परत झाकून ठिवली. पाव्हण्याला काय आपलं पाणी पाजायचं असतंय व्हय?