खुडूक कोंबड्या आणि आमचा करार

पिंजऱ्यातल्या कोंबड्यांविरुद्ध खामगावात सर्वात जास्त आरडाओरडा कोणी केला असेल, तर मी. पेपरात लिहिलं, लोकांशी भांडलो आणि चौदा घरांना पिंपळगाव राजा गावच्या कुसुमताईंकडे हंगामाचे पैसे आगाऊ भरायला लावले. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांची अंडी दर रविवारी घरपोच येणार होती. पुढे सलग तीन रविवार निम्मीच अंडी आली आणि चौदाही घरं मलाच चोर म्हणू लागली. मी तणतणत कुसुमताईंचं घर गाठलं.

"ताई, आमची अंडी कोणाला विकताय?"

"कोनाले इकतो भाऊ? निम्म्या कोंबड्या खुडूक झाल्या. अंडी देनं सोडून अंड्यायवर बसून राह्यल्या, उठतच नाहीत."

"मग उठवा की! माझी आई खुडूक कोंबडी बादलीतल्या पाण्यात बुचकळायची. दोन दिवसांत ताळ्यावर यायची."

ताईंनी आतून पैसे भरताना झालेल्या कराराचा कागद आणला. "हे वाचा बरं, मोठ्यानं."

मी वाचलं, "कोंबड्यांवर कोणत्याही प्रकारची जबरदस्ती केली जाणार नाही."

"कोनं लिवलं हे?"

"मी."

"मंग? बादली मले काय ठाऊक नोयती? तुमीच त बंद केली."

गाडीला किक मारतोय तोच चौदांपैकी एका घरातून फोन आला. "साहेब, अंड्यांचं काय झालं?"

एक ठरावीक उत्तर देणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला मी तीस वर्षं पेपरातून फाडून खाल्लंय. पण तोंडातून तेच निघालं.

"चौकशी सुरू आहे."