गंज चढत न्हाई

रोहिणी: एकेक नको, दादा. सगळ्या चोवीस फ्रेमा आण. इथं दारात, उन्हात मांड.

धम्मानंद: मांडून काय करतीस? गेल्या त्या. तिसरी खेप बी गेली. माज्या हातानं गंज चढत न्हाई, हे काय आता नवं हाय का?

सुलाबाई: चढत न्हाई म्हनं! अरं, पत्र्याच्या बादलीला आपोआप चढतुय. तुमच्या बापाचा जलम गेला लोकांचे चष्मे पुसून द्यायला. अन् तुमी चांगल्या चष्म्याला गव्हावर तांबेरा पडल्यावानी करून पुण्याला धाडायलात.

धम्मानंद: माय, पुण्याच्या मॅडमला तसाच पायजे. जुनाट दिसनारा. तिथं लोकं हौसेनं घालतेत.

सुलाबाई: घालू दे बापा. मला काय.

रोहिणी: माय, तू तूर निवड. दादा, काय काय केलंस ते सांग. पहिल्यापासून.

धम्मानंद: तू शिकवलं तेच की. पॉलिश पेपरनं घासली. वार्निशमधी लोखंडाचा कीस कालवून ब्रशनं लावला. वाळल्यावर व्हिनेगर, मीठ अन् मेडिकलमधलं ते फसफसनारं पानी फवारलं. तांबडं झालं की गंज थांबवायला खायच्या सोड्याच्या पान्यात बुडवलं. झालं.

रोहिणी: किती तांबडं झाल्यावर बुडवलंस?

धम्मानंद: आता ते कसं सांगू? तुज्या डोळ्याला दिसतंय, मला दिसत न्हाई. म्हनून तर म्हनतो, हे तुजंच काम हाय. दिवाळीपस्तोर आर्डरी घेऊन ठेवल्यात. तू गेलीस तर मी त्या मॅडमला काय तोंड दाखवू? एक वरीस थांब की. नोकरी कुठं पळून चाललीय?

रोहिणी: चाललीय ना! रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात लॅबची जागा आहे, सोमवारी हजर व्हायचंय. दोनदा मुदत वाढवून घेतली, अन् दोन्ही वेळेस का? तर तुझी खेप बिघडली म्हणून. आता तिसऱ्यांदा देत नाहीत. उद्या सकाळी परभणीच्या गाडीत बसले नाही, तर ती जागा दुसऱ्याची.

सुलाबाई: झाली तर होऊ दी. एवढ्या लांब, एकटीनं... सोनपेठात काय कमी हाय तुला?

रोहिणी: माय, चार वर्षं परीक्षा दिल्या मी. ह्याच दुकानामागच्या खोलीत, ह्याच व्हिनेगरच्या वासात. डोकं धरायचं, तरी वाचत बसायचे. अन् आज सकाळी मोबाईलवर लिहून ठेवलं, 'घरगुती अडचणीमुळे हजर होऊ शकत नाही.' नुसतं बोट लावायचं बाकी होतं.

धम्मानंद: लावलंस?

रोहिणी: का? लावलं असतं तर बरं झालं असतं?

धम्मानंद: तसं न्हाई. इचारलं आपलं.

रोहिणी: लावणारच होते. म्हटलं त्याआधी ह्याचं कुठं चुकतंय ते तरी एकदा नीट बघू. ये इकडं, बस. ही बघ. काय झालंय हिला?

धम्मानंद: डाग पडलाय. वार्निशनं धरलं न्हाई.

रोहिणी: कुठं?

धम्मानंद: हितं. उजव्या काचंच्या खाली.

रोहिणी: आता ही?

धम्मानंद: हितंच.

रोहिणी: अन् ही? ही? बोल की. चोवीसच्या चोवीस, दादा! एकाच जागी, अंगठ्याएवढ्या कोऱ्या. नवशिका माणूस चोवीस फ्रेमा चोवीस तऱ्हेनं बिघडवतो. मी पहिल्यांदा केल्या तेव्हा आठवतंय ना? एकीचे पोपडे निघाले, एक अर्धी तशीच राहिली, एकीची तर दांडीच मिटेना. तुझा बाकीचा गंज बघ कसा बसलाय. हात फिरवला तरी हाताला लागत नाही. कानामागची बाजू कोरी ठेवलीस, कातडीला डाग नको म्हणून. खरं सांगू? माझ्यापेक्षा भारी झालाय.

धम्मानंद: काय तरीच तुजं.

रोहिणी: आधी तेलाचं बोट लावलंस ना? अजून बुळबुळीत लागतंय.

(धम्मानंद फ्रेमा गोळा करायला लागतो.)

सुलाबाई: ऱ्हाऊ दे गं आता. भाकरी गार होतीय. जेवा दोघं बी.

रोहिणी: माय? तुला माहीत होतं?

सुलाबाई: तेलाची वाटी त्यानं माज्यासमोरूनच नेली. म्या म्हनलं, डोस्क्याला लावायचं असंल. मंग एकेका फ्रेमीला अंगठा लावायला लागला, तवा ध्यानात आलं. गप ऱ्हायले.

रोहिणी: पण का?

सुलाबाई: का म्हंजी? तू घरात ऱ्हावी म्हनून. खोटं कशाला बोलू?

रोहिणी: वा! म्हणजे दोघांनी मिळून. अन् मी येडी! माझ्याच शिकवण्यात काही खोट आहे म्हणून झुरणीला लागलेय. दादा, वर बघ. माझ्याकडं बघून बोल.

धम्मानंद: पैली खेप खरंच बिघडली होती. मायची आन. दुसरी झाली ना, रोहे, अशी झाली... मी हितं एकटाच बघत बसलो. लय आनंद झाला. तुला हाक मारनार होतो, तर तोंडातून हाकच निघंना. म्हनलं, हे हिनं बघितलं की ही चालली. मंग समदी घासून काढली अन् तुला सांगितलं, बिघडली.

रोहिणी: अन् ही तिसरी?

धम्मानंद: पुन्यांदा घासायचा जीव झाला न्हाई. म्हनून आधीच तेल लावलं. जरासंच.

रोहिणी: जरासंच! माझं आयुष्य जातंय इथं, कळतंय का तुला? चार भिंतींत कोंडून ठेवायचं होतं तर सरळ कडी लावायची.

धम्मानंद: कोंडलं म्हन, काय बी म्हन. तुज्या आधी मीच कोंडलोय. मी पुन्यात होतो, फ्रेमा बनवायच्या कारखान्यात. लय रमलो होतो. बाबा गेले अन् सगळे म्हनले, दुकान उघड. तुला यायचंय का, असं एकानं तरी इचारलं? अकरा वर्षं झाली. सकाळी शटर वर, संध्याकाळी शटर खाली. तू हायस तवर दिवस निघतो. भांडतो, हसतो. तू गेलीस की मी अन् हे दुकानातले आरसे. भ्या वाटतंय मला. बस. झालं सांगून.

रोहिणी: मी दहावीत होते रे तेव्हा. मी काय विचारणार होते? आता विचारते. तुला जायचंय का कुठं?

धम्मानंद: आता? चाळिशीला आलेल्या मानसाला कोन उभं करतंय? अन् मायला कोन बघंल?

सुलाबाई: मला काय धाड भरलीय? माजं नाव पुढं करू नको. तुला जायचं तर तू बी जा. मी बसते दुकानात.

धम्मानंद: तुला काचंचा एक नंबर अन् दोन नंबर वळखू येत न्हाईत, माय.

रोहिणी: दादा, मी उद्या चाललेय. विचारत नाही, सांगतेय.

धम्मानंद: जा.

रोहिणी: असं तोंड पाडून नको म्हणू.

धम्मानंद: दुसरं तोंड कुठून आनू? जा म्हनलं ना. मनापासून म्हनायला थोडा टाइम लागंल, तवर हेच घे.

सुलाबाई: धम्मा, सकाळी तिच्यासंगं स्टँडवर जा. बॅग लय जड हाय, तिला उचलायची न्हाई.

धम्मानंद: बॅग रिक्षात ठेवून देतो, माय. स्टँडवर मी येनार न्हाई. आलो तर गाडीतून उतरवून घेईन तिला.