तिसऱ्या बेसजवळची मोकळी जागा

आजच्या सभेचे अध्यक्ष, आपल्या कॉलेजचे प्रमुख डॉक्टर पेनिंग्टन. चिकन गार व्हायच्या आत प्रार्थना आटोपणारे आपले रेव्हरंड मोझली. टीमसाठी पैसे गोळा करणाऱ्या बूस्टर क्लबचे चेअरमन, शाळेच्या बोर्डाचेही चेअरमन आणि टायरच्या दुकानाचे मालक ड्यूई हारगेट. आजचे सत्कारमूर्ती कोच व्हर्नन टिब्स आणि त्यांच्या पत्नी, आपल्या सगळ्यांच्या मिस लोरेन. आणि समोर बसलेल्या, अजून केळ्याचं पुडिंग न संपवलेल्या माझ्या गावकरी बंधूंनो आणि भगिनींनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. ड्यूईने दारातच गाठून बजावलं, "मिस ओझेला, दोनच हं. गोधडी द्या, फोटो काढा आणि बसा." मी म्हटलं, बाबा, माझी शाळा तिसरीत सुटली, पुढे कापूस वेचला. दोन शब्दांत काय बसतं ते मला कुणी शिकवलं नाही. तेव्हा जितके लागतील तितके घेईन.

कोच टिब्स आज निवृत्त होताहेत. त्यांचं चांगलं सगळ्यांनी सांगितलं, मीही सांगते. ते आले तेव्हा आपल्या कॉलेजच्या बेसबॉल मैदानावर नदीचं पाणी शिरायचं आणि दुसऱ्या बेसवर बेडूक बसायचे. त्यांनी ते मैदान उभं केलं. दर रविवारी चर्च सुटलं की ते अख्खी टीम घेऊन माझ्याकडे जेवायला यायचे. चिखलाचे बूट बाहेर काढायला त्यांनी पोरांना शिकवलं, हे मोठंच काम. आणि माझा नवरा शेवटचा आजारी होता तेव्हा त्याला मेम्फिसच्या इस्पितळात यांनीच गाडीतून नेलं, थंडीत, स्वतःचा कोट त्याच्या पायांवर घालून. हे मी विसरले नाही. विसरले असते तर आज बोलणं सोपं गेलं असतं.

पण आत्ता डॉक्टरसाहेबांनी एक गोष्ट फार रंगवून सांगितली. सगळ्या कॉलेजांचे कोच एकत्र जमले होते. त्या शिफ्टवर बंदी घालायची की नाही, यावर वाद पेटला होता. आणि आपले कोच उठून म्हणाले, "बंदी कशाला? समोरचे एका बाजूला गोळा झाले तर दुसरी बाजू मोकळी असते. फलंदाजाने मोकळ्या बाजूला खेळावं. आणि ते शिकवणं हे आपलं काम." असं म्हणाले, आणि सभेने टाळ्या वाजवल्या. मघाशी तुम्हीही वाजवल्यात. मी नाही वाजवल्या. माझ्या हातात गोधडी होती.

रेव्हरंडांच्या पत्नी सिस्टर मोझलींसाठी जरा समजावते, कारण त्या सामन्याला येतात आणि दुसऱ्या डावात झोपतात. लाजू नका, मी तुमच्या शेजारीच बसते. एखादा डावखुरा पोरगा दरवेळी उजवीकडेच चेंडू हाणतो, असं समोरच्यांना कळलं की ते आपली माणसं उचलून उजवीकडे नेतात. एक जण तर पार मागे गवतात जाऊन उभा राहतो. याला म्हणायचं शिफ्ट. मग डावीकडे, तिसऱ्या बेसजवळ, चिटपाखरू नसतं. तिकडे बॅटवर चेंडू नुसता टेकवून हळूच सोडला तरी फलंदाज बाद न होता पहिल्या बेसवर चालत पोचतो. याला म्हणायचं बंट. झालं. एवढंच आहे. यावर शिकलेली माणसं तासन्‌तास भांडतात.

माझं म्हणाल तर मला या वादाशी देणंघेणं नाही. ज्याला जिथे उभं राहायचंय तिथे त्याने राहावं. माझा नातू मात्र डावखुरा होता.

कॉर्डेलला तुम्ही सगळे ओळखता. कॉलेजच्या टीममध्ये चौथ्या नंबरला खेळायचा, दणके मारणाऱ्याच्या जागी. त्याचा चेंडू कुंपणापलीकडे गेला की हाच ड्यूई त्याला खांद्यावर घ्यायचा, आणि ड्यूईचं वजन तेव्हाही काही कमी नव्हतं. मग दुसऱ्या टीमांना कळलं, आणि त्याच्यासाठी शिफ्ट लागायला लागली. काही वर्षांपूर्वीचा, मार्चमधला तो सामना आठवतो? सगळे उजवीकडे उभे. पोराने डोकं चालवलं, तिसऱ्या बेसकडे बंट सोडला आणि आरामात पोचला पहिल्या बेसवर. तुम्ही काय केलंत? हसलात. एक जण तर उठून ओरडला, "अरे, तुझ्या आजीला पाठव बॅट घेऊन! तीसुद्धा याहून जोरात मारेल!" आजी त्याच्या दोन रांगा मागेच बसली होती. कोण ओरडलं ते मी सांगत नाही. टायर विकतो तो.

ड्यूई, खाली बस. माझं झालेलं नाही.

आणि कोचने काय केलं? पोहोचलेल्या पोराला बेसवरून परत बोलावलं. त्याच्या जागी दुसरा धावायला पाठवला आणि कॉर्डेलला सगळ्यांच्या देखत बाकावर बसवला. सामना संपेपर्यंत. तुम्ही पाहिलंत ते, माझ्या एकटीच्याच डोळ्यांना दिसलं असं नाही.

त्या रविवारी कोच नेहमीसारखे जेवायला आले. मी मासे तळत होते. मी सरळ विचारलं, "कोच, पोरगं बेसवर पोचलं ना? मग शिक्षा कसली?"

म्हणाले, "मिस ओझेला, बंट ते काटकुळ्या पोरांचं काम. मोठ्या क्लबांची पोरं निवडणारी माणसं इतक्या लांब गाडी हाकत येतात ती याचा दणका बघायला. मी इथे आहे तोवर हा पोरगा पुन्हा बंट करणार नाही."

"आणि सगळे त्याच बाजूला उभे राहिले तर?"

"तर सगळ्यांच्या डोक्यावरून मारायचा. काय रे?"

समोर बसलेला कॉर्डेल म्हणाला, "होय, कोच."

"शाब्बास. अजून एक मासा वाढा हो, मिस ओझेला."

वाढला मी. चांगला मोठा होता.

कोच गेल्यावर मी बोलायला तोंड उघडलं तर पोरगा म्हणतो कसा, "आजी, तू मध्ये पडू नकोस. टीममधलं बाहेर बोलायचं नसतं." हा त्यांचा कायदा. मुलं बसतात तिथे भिंतीवर रंगवून लिहिलाय, कोचनेच लिहून घेतलाय. कॉर्डेलने आजवर तो पाळला. पण माझं स्वयंपाकघर काही टीममध्ये येत नाही. माझ्या टेबलावर बोललेलं मी कुठेही बोलेन.

मग मे महिन्यातला शेवटचा सामना. आपल्याच मैदानावर. शेवटचा डाव, आपण एका धावेने मागे, दोन गडी बाद, तिसरा गेला की खेळ संपला, आणि फलंदाज कॉर्डेल. त्याच्या मागून येणारा पोरगा त्या दिवशी नुसता आग ओकत होता. कॉर्डेल पहिल्या बेसवर पोचला असता तरी पुरे होतं. समोरचे सगळे उजवीकडे सरकले. तिसऱ्या बेसजवळ इतकी मोकळी जागा की तिथे लग्नाचा मांडव घातला असता. आणि त्या मोकळ्या जागेला लागून कोण उभं होतं? कोच. नेहमीच तिथे उभे राहतात, खुणा करायला.

तुम्ही सगळे उठून ओरडत होतात, "बंट! बंट!" मार्चमध्ये हसलेली तीच तोंडं.

कॉर्डेलने कोचकडे पाहिलं. एकदा पाहिलं, जरा बाजूला होऊन हाताला माती लावली, पुन्हा पाहिलं. कोचने खूण म्हणून टोपीला नुसतं बोट लावलं असतं तरी बंटची मनाई उठली असती. कोचनी टाळ्या वाजवल्या. बस्स, टाळ्या. पोराने ऐकलं, आणि मारला. त्या दिवसातला सगळ्यात जोरात बसलेला चेंडू होता तो, आवाजावरून सिस्टर मोझलीसुद्धा जाग्या झाल्या. पण गवतात एक जण उभाच होता. त्याने तो अडवला, पोरगा पोचायच्या आत पहिल्या बेसवर फेकला. खेळ खलास.

वाहनतळापाशी पेपरच्या बातमीदाराने कोचला विचारलं. मी चार पावलांवर उभी होते. कोच म्हणाले, "मोकळी जागा दिसत होती. पण हा पोरगा हट्टी आहे. ऐकत नाही."

ऐकत नाही! ज्याने शेवटपर्यंत ऐकलं त्यालाच यांनी न ऐकणारा ठरवलं, आणि तुम्ही सगळ्यांनी मान डोलावली. पुढच्या वर्षी त्याची शिष्यवृत्ती दुसऱ्याला गेली. त्याच्या पाठीमागे 'तो बंट न करणारा' म्हणायला लागलात. कॉर्डेल आज माशांच्या कारखान्यात काम करतो आणि शनिवारी चर्चमागच्या तुकड्यावर पोरांना खेळ शिकवतो. आपल्या शाळेच्या टीमला कोच हवाय, म्हणून त्याने अर्ज केलाय. बोर्डाने कोच टिब्सना मत विचारलं. कोच काय म्हणाले ते ड्यूईनेच मला दुकानात सांगितलं, माझ्या गाडीचं चाक बदलता बदलता. "मिस ओझेला, वाईट वाटून घेऊ नका. कोच म्हणतात, पोरगा गुणी आहे, पण ऐकत नाही."

बोर्डाची बैठक सोमवारी आहे. बोर्डाची सगळी माणसं आज इथेच आहेत, पुढच्या टेबलावर.

म्हणून मी बोलायला उभी राहिले. मोकळ्या बाजूला खेळा असं बाहेरच्या सभेत सांगायचं, घरच्या पोराला तिकडे पाऊल टाकायला मनाई करायची, आणि तो तिकडे गेला नाही म्हणून त्याच्याच नावाने बोटं मोडायची, याला काय म्हणतात ते शिकलेल्यांनी ठरवावं. माझ्या तोंडात एक शब्द आलाय, पण रेव्हरंड बसलेत.

आता गोधडी. जरा दोघी जणी पुढे या आणि टोकं धरा. आपल्याकडची रीत माहीतच आहे. मानाने जाणाऱ्याला टीमच्या जुन्या शर्टांची गोधडी द्यायची. चर्चमधल्या आम्ही बायका सगळा हिवाळा ही शिवत होतो. एकेक चौकोन म्हणजे एकेका पोराचा नंबर. सुबक झालीये, मीच म्हणते.

उघडा पूर्ण. हं. आता दिसलं ना मधलं भोक?

ड्यूई म्हणाला होता, "मिस ओझेला, कॉर्डेलचा नंबर नका घालू, कार्यक्रमाचा रंग जाईल." मी म्हटलं, बरं. नाही घातला. पण त्याच्या जागी दुसरं काही घालायचं असं कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून ती जागा मोकळी ठेवली. पलीकडचा माणूस दिसतो त्यातून.

कोच, माझ्यानंतर तुम्हीच बोलणार आहात. व्हर्नन, तू माझ्या नवऱ्याच्या पायांवर तुझा कोट घातला होतास, म्हणून मी सोमवारी बोर्डासमोर जाऊन तमाशा करण्याऐवजी आज इथे तुला विचारतेय. पोराला बंट करू नकोस असं कुणी सांगितलं होतं, तेवढं सांग. एकच वाक्य. कॉर्डेल बाहेर गाडीत बसलाय, मला घरी न्यायला आलाय. आत ये म्हटलं तर नको म्हणाला. पण दार उघडं आहे, आणि या माइकचा आवाज चांगला लांब जातो.

त्याचा शर्ट माझ्या पर्समध्ये आहे. सुई-दोराही आहे. तू बोललास तर मी इथे बसून, सगळ्यांच्या देखत तो चौकोन लावून देईन, फार वेळ लागत नाही. नाही बोललास तर गोधडी अशीच घेऊन जा. पांघरलीस की वारा कुठून येतो ते कळेल.

स्वयंपाक करणाऱ्या बायकांचे, खुर्च्या मांडणाऱ्या पोरांचे, आणि मला इतका वेळ सहन केलंत म्हणून तुम्हा सगळ्यांचे आभार. माझ्या बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर म्हातारीचं बोलणं म्हणून पोटात घाला. माझ्या चुकांची माफी मी मागितली. बाकीच्यांची मी मागू शकत नाही.

कोच, हा घ्या माइक.