अकरा नंबरचं भोक

इंजिनिअर : ...म्हणून म्हणतो काकू, हे पाच आकडे मला खोडू द्या. शेतात निचऱ्याचे पाइप कुठे दाट टाकायचे, कुठे विरळ, ते आजच कळवायचंय.

आई : ह्यांनी स्वतः मोजलेलं आहे. जाऊन दोन महिने नाही झाले, आणि निघाले खोडायला!

इंजिनिअर : गिरमिटाने जमिनीत तीस भोकं मी पाडली. मोजायचं काम काकांनी हट्टाने मागून घेतलं. भोकात साचलेलं पाणी उपसायचं, आणि ते परत खुणेपर्यंत चढायला किती मिनिटं लागतात ते वहीत लिहायचं. पंचवीस भोकांत चार-पाच मिनिटं. या पाचांत अर्धा-पाऊण तास!

मी : तिथे चिकणमाती असेल.

इंजिनिअर : मीही तेच धरलं. दोन भोकांच्या मधल्या जमिनीचा अंदाज आजूबाजूच्या आकड्यांवरूनच काढायचा असतो. पण नकाशा बघा ना. चिकणमातीचा पट्टा शेतातल्या त्या एकट्या झाडाला वळसा घालून जातोय, विळ्यासारखा. माती अशी वागत नाही.

आई : आमची वागते.

मी : थांबा. बाबांच्या वहीत वेळा आहेत. अकरा नंबर सकाळी, झाडाच्या पश्चिमेला. बारा आणि तेरा दुपारी, उत्तरेला. चौदा, पंधरा चारच्या पुढे, पूर्वेला... आई, ही सावली आहे.

इंजिनिअर : सावलीत काही पाणी हळू चढत नाही, ताई.

मी : पाणी नाही हो. बाबा. सावली बघून टेकले असणार.

आई : ते डोळे मिटून विचार करायचे.

मी : घोरत?

आई : विचार खोल असला की.

इंजिनिअर : हे बघा, भांडण नको. अकरा नंबर आत्ता मोजू. ताई, तुम्ही उपसा. काकू, घड्याळ तुमच्याकडे.

आई : आणि तुम्ही?

इंजिनिअर : मी उभा राहतो. इथे बसणं धोक्याचं दिसतंय.

(तिघंही भोकात वाकून बघत राहतात.)

मी : लागलं खुणेला.

आई : चार मिनिटं... घड्याळ मागे पडत असेल.

मी : आई.

आई : वहीत किती लिहिलंय?

मी : सत्तेचाळीस.

आई : म्हणजे त्रेचाळीस मिनिटं झोपले? इथे? ढेकळांवर?

इंजिनिअर : तसंच दिसतंय. बाकीची चारही मोजून घेऊ, पण—

आई : घरात डोळ्याला डोळा लागत नव्हता त्यांचा. उशी बदलली, खोली बदलली, गोळ्या बदलल्या. ...पाचांचं मिळून किती होतं गं?

मी : प्रत्येकी चार मिनिटं वजा केली, तर तीन तास सात मिनिटं.

आई : तीन तास सात मिनिटं.

इंजिनिअर : काकू... खोडू?

आई : नकाशातून खोडा. वही इकडे द्या.