मैदानातलं वळण

तुम्ही हसाल, पण नसलेल्या झाडाला वळसा घालणारी माणसं मी पाहिली आहेत. बीआरटीचं, म्हणजे बसच्या वेगळ्या मार्गाचं, काम नवं होतं तेव्हाची गोष्ट. विद्यापीठातल्या हॉस्टेलपासून नव्या बसस्टॉपपर्यंत पोरांसाठी फुटपाथ आखायचा होता. मी कागदावर मैदानातून सरळ रेघ मारली. जागेवर गेलो तर पोरांची रस्त्याकडे जाणारी जुनी पायवाट आधीच होती, आणि ती ऐन मधोमध भलामोठा वळसा घेत होती. तिथे ना खड्डा, ना दगड.

हॉस्टेलच्या एका मुलीला विचारलं, "अगं, इथे वळता कशाला?"

"वाट तशीच आहे ना, सर."

मागून एक पांढऱ्या केसांचे प्राध्यापक आले. म्हणाले, "इथे चिंच होती. मी शिकायला आलो त्याच वर्षी वादळात पडली." आणि तेही वळसा घालूनच गेले.

मी नकाशात वळण घातलं. ऑफिसात आमच्या वरिष्ठ मॅडम भडकल्या. "पडलेल्या चिंचेसाठी फरशा वाया घालवायच्या? चल, मी सरळ चालून दाखवते."

मैदानात त्या तावातावाने निघाल्या, मी मागोमाग; तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. बोलत बोलत पलीकडे पोचल्या. फोन ठेवून म्हणाल्या, "असा काय बघतोयस?"

"मॅडम, तुम्ही वळून आलात."

त्यांनी मागे वाटेकडे पाहिलं.

"वळण राहू दे," हळूच म्हणाल्या. "आणि नकाशात चिंच दाखव."